बुधीने टीव्हीवर रांधलं तेव्हा

आमच्याकडे वारावरून नावं ठेवायची रीत होती. बहीण बुधवारी झाली म्हणून बुधी, मी मंगळवारची म्हणून मंगळी, आणि आम्हा दोघींच्या पाठीवर झालेला भाऊ रविवारचा, म्हणून रव्या. शाळेत गुरुजींनी माझं मंगला केलं आणि ते मला चिकटलं. बुधीचं मात्र बुधीच राहिलं. रव्या शाळेपर्यंत पोचलाच नाही. दोन वर्षांचा असताना, लावणीच्या दिवसांत, त्याला ताप भरला. छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. बा आणि चुलता त्याला घोंगडीच्या झोळीत घालून मोखाड्याच्या दवाखान्याला निघाले, तर ओहोळ दुथडी भरलेला. पाणी ओसरायची वाट बघत ते काठावर बसून राहिले. ओसरलं तेव्हा पलीकडे जाण्याचं कारण उरलं नव्हतं. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन, बुधी तेरा-चौदाची. हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं ते त्याच्यावरूनच घडलं.

पोशेऱ्याचं आमचं घर उतारावर होतं. कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपलेली, आत एकच मोठी खोली, तिच्या एका कोपऱ्यात चूल. पहाटे जात्याच्या घरघरीने जाग यायची. आय नागली, म्हणजे नाचणी, दळायची आणि दळताना गुणगुणायची. ते गाणं नसायचं, नुसता सूर असायचा, आणि घास घालताना तो मधेच तुटायचा. मग थोड्या वेळाने हातावर भाकर थापल्याचा आवाज. खापरीवर भाकर पडली की जो वास सुटतो तो मी नंतर कुठल्या हॉटेलात शोधला नाही, कारण तो तिथे नसणार हे माहीत होतं. आता जव्हारच्या बाजारात नागलीची बिस्किटं चकचकीत पाकिटात मिळतात. माझी सून ती कौतुकाने आणते. मी खाते. बरी असतात.

आयला माणसाची विचारपूस दुसऱ्या कशाने करताच यायची नाही. कुणीही उंबऱ्यात आलं की पहिला प्रश्न, "जेवलास का?" नाही म्हटलं तर वाढायची आणि हो म्हटलं तरी वाढायची. घरात फार काही असायचं असं नाही. नागली, वरई, उडीद, पावसात रानभाज्या आणि ओहोळातले खेकडे, पाऊस सरला की कंद. दिवाळी झाली की बा वीटभट्टीवर जायचा, तो पार पावसाच्या तोंडावर परत यायचा. मधले महिने आय ते सगळं पुरवून पुरवून वापरायची. पेज पातळ व्हायची, पण वाटी रिकामी कधी झाली नाही. शेजारणी म्हणायच्या, हिच्या हाताला बरकत आहे. आयला तेवढाच एक दागिना होता.

बुधीने तो हात उचलला. दहावीला ती नापास झाली आणि जव्हारला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. मी त्याच वसतिगृहात राहून शिकत होते, त्यामुळे घरापासून लांब असूनही मला घरचं मिळायचं. सरकारी डाळीला ती असा काही लसूण द्यायची की मुली ताटं घेऊन रांगेत परत उभ्या राहायच्या. लग्नाचं कुणी बोललं तर म्हणायची, "एवढ्या पोरींना कोण वाढील?"

मी अकरावीत असताना एका चॅनेलचे लोक जव्हारजवळच्या शिरपामाळला चित्रीकरणाला आले. त्यांचं दुपारचं जेवण आमच्या वसतिगृहातून गेलं. बुधीने नेहमीच्या डाळभातासोबत खेकड्यांचा रस्सा आणि नागलीच्या भाकरी केल्या होत्या. संध्याकाळी त्यांच्यातली एक बाई भांडी परत करायला स्वतः आली. अनघा मॅडम. केस आखूड, बोलणं गोड, चपला बाहेर काढून आत आली म्हणून आम्हाला आवडली. म्हणाली, "आमच्या वाहिनीवर स्वयंपाकाची स्पर्धा सुरू होतेय. सगळीकडच्या बायका येतात, पण तुमच्या भागातलं जेवण कुणीच दाखवत नाही. तुम्ही याल?"

बुधी मागे वळून बघायला लागली, ही कुणाशी बोलते म्हणून.

निवडीला ठाण्याला जाऊन आलो आणि बुधीचं नाव लागलं. घरी सांगायला गेलो तेव्हा आय सुपाने नागली पाखडत होती. ती हसतच सुटली. "आपला खाणा टीव्हीवर? तिकडं कोण खाईल?" बा म्हणाला, "खातील. त्यांचा खाऊन आपण कंटाळलो, तसे तेही कंटाळले असतील." पण जायच्या आदल्या दिवशी आय रानात गेली आणि पाटी भरून कडूकंद खणून आणले. हा कंद कच्चा खाल्ला तर घसा धरतो, माणूस आजारी पडतो. त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकडायच्या, मग टोपलीत भरून ती रात्रभर वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायची. सकाळपर्यंत कडूपणा वाहून जातो. आयने ते सगळं एकटीने केलं, आम्हाला हात लावू दिला नाही. उजाडताच टोपली काढून आणली, एक चकती स्वतः खाल्ली, एक बाच्या तोंडात घातली, आणि उरलेल्या पळसाच्या पानांत बांधून डब्यात भरल्या. "पयला हा दे त्यांना," ती बुधीला म्हणाली.

स्टुडिओ म्हणजे बाहेरून गोदाम आणि आत लग्नाचा मांडव. एवढे दिवे की दुपार असूनही दुपार वाटेना. मला प्रेक्षकांत बसवलं. बुधीला आधी एका खोलीत नेऊन नवी कोरी साडी दिली, ती आमच्याकडच्या बायकांसारखी गुडघ्यापर्यंत नेसवली, आणि गळ्यात पांढऱ्या मण्यांच्या माळा घातल्या. बुधी पाचवारी नेसून आली होती. ती बाहेर आली तेव्हा पदर सारखा ओढत होती. डबा बघून कानाला यंत्र लावलेली मुलगी म्हणाली, "तयार काही आणायचं नाही ताई. सगळं इथे, एका तासात." बुधीने सांगितलं, याला रात्र लागते. मुलगी हसली आणि डबा टेबलाखाली ठेवला. ती उद्धट नव्हती. नियमच तसा होता.

स्वयंपाकाआधी प्रत्येकीशी गप्पा मारायच्या होत्या. अनघा मॅडम बुधीसमोर स्टुलावर बसली. कॅमेरा चालू होता, पण तो एव्हाना आम्ही विसरलो होतो. घरी कोण कोण? बुधीने सांगितलं, "आय, बा, मी, मंगळी." आणि मग, "एक भाऊस होता." मॅडमने आवाज खाली आणला. काय झालं त्याला? बुधीने जे झालं तेच सांगितलं. ताप, झोळी, ओहोळ. सांगताना तिचे डोळे भरले, कारण त्याच्याविषयी इतकी वर्षं तिला कुणी विचारलंच नव्हतं. मॅडमने तिचा हात धरला. नंतर विचारलं, "तेव्हा घरात खायला काय असायचं?" बुधी म्हणाली, "पावसाळ्यात काय असणार? पेज. भाजी. कधी खेकडे." बस, एवढंच. मी समोरच बसले होते, मी ऐकलं आहे.

मग घंटा वाजली. बाकीच्या स्पर्धकांच्या ओट्यांवर काय काय चाललं होतं. एक पुण्याचे गृहस्थ साच्यातून फुलं पाडत होते, कोल्हापूरच्या एक काकू मटणाला वाटण करत होत्या आणि स्वतःशीच बडबडत होत्या. बुधी पहिली पाच मिनिटं नुसती उभी. पाटा-वरवंटा नव्हता, मिक्सर होता, आणि मिक्सरमध्ये खेकड्याच्या नांग्या घालायचा तिचा जीव होईना. शेवटी तिने स्टीलचं पातेलं घेतलं, लाटणं घेतलं, पातेलं जमिनीवर ठेवून पायांत धरलं आणि लाटण्याच्या टोकाने नांग्या कुटायला लागली. ठक, ठक, ठक. सगळा स्टुडिओ तिच्याकडे बघायला लागला. कॅमेरे धावले. बुधीला त्याचं भान नव्हतं. नांग्यांचा रस गाळून घेतला, त्याला भाजलेलं नागलीचं पीठ लावलं, लसूण-मिरची ठेचून फोडणी दिली. मग भाकरी. गॅसची आच तिला समजेना, पहिली करपली, ती तिने बाजूला ठेवली आणि दुसरी थापली. तिचे हात आयचे होते. कपाळावरचा घाम दंडाला पुसायची लकबही तीच.

परीक्षक तिघे होते. पांढऱ्या कोटातल्या मोठ्या शेफने भाकरी उचलली. "ही काळी का आहे?"

"काळी नाय," बुधी म्हणाली, "लाल आहे. उजेडात धरा."

ते हसले, भाकरी दिव्याकडे धरली, मग रश्शात बुडवून खाल्ली. दुसरा तुकडा मोडला. तिसरा मोडला. चमचा बाजूला ठेवून बोटांनी वाटी पुसली. "बुधाताई," ते म्हणाले, "हे मी कुठेही खाल्लेलं नाही." कार्यक्रमाच्या त्या भागात बुधी पहिली आली. कोल्हापूरच्या काकूंनी तिला मिठी मारली, पुण्याच्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. टेबलाखालचा डबा आम्ही भांडी घासणाऱ्या बायकांना दिला. त्यांनी विचारून विचारून खाल्ला. एसटीत बुधी खिडकीला डोकं टेकून म्हणाली, "मंगळे, आयला इथं आणाया पायजे होता." मी तिला एवढं आनंदात त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

तो भाग दाखवला त्या संध्याकाळी गुरुजींनी आपला टीव्ही शाळेच्या ओट्यावर आणून ठेवला. सगळा पाडा जमला. आयने धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि ती सगळ्यांत पुढे, जमिनीवर बसली होती. बुधी पडद्यावर आली तशी पोरांनी आरोळ्या ठोकल्या. मग एकदम बासरी सुरू झाली. एक जाड आवाज बोलायला लागला. डोंगर दाखवले, ते आमचे नव्हते. कुणाचं तरी हाडकलेलं मूल दाखवलं, ते आमचं नव्हतं. आवाज म्हणाला की या मुलीचा भाऊ भुकेने गेला, घरात शिजवायला काही नव्हतं, आणि त्या भुकेतूनच ही चव जन्माला आली. पाठोपाठ बुधीचे भरलेले डोळे, आणि तिचं वाक्य, "काय असणार? पेज." ताप नाही. झोळी नाही. ओहोळ नाही.

कुणी आयकडे बघेना. पुढे बुधी जिंकली, टाळ्या झाल्या, पण ओट्यावर कुणी टाळी वाजवली नाही. आय उठली, लुगड्याची धूळ झटकली आणि घरी चालत गेली. आम्ही मागून गेलो. तिने चूल पेटवली, पाणी ठेवलं, आणि पाठमोरीच विचारलं, "बुधे, तू असा सांगलास?"

"नाय आय. मी तापाचा सांगला. मंगळीला विचार."

"मग त्यांनी भूक कठून आणली?"

दुसऱ्या दिवशी बुधीने जव्हारला जाऊन फोन लावला. मी शेजारी उभी होते. अनघा मॅडमचा आवाज मलाही ऐकू येत होता. ती खरंच खुशीत होती. "बुधाताई, लोक रडलेत तुमच्यासाठी! किती फोन येतायत माहितेय?" बुधी म्हणाली, "माझा भाऊस तापाने गेला. माझ्या आयनी त्याला उपाशी नाय ठेवला. तुम्ही तेवढा सांगा परत टीव्हीवर." मॅडम समजूत घालायच्या आवाजात म्हणाली, "अहो, तापाने तरी का गेला? अशक्त होता म्हणूनच ना?" बुधीने रिसीव्हर कानापासून दूर धरला आणि माझ्याकडे बघितलं. मला शिकलेलीला काहीतरी उत्तर येईल असं तिला वाटलं असावं. आज अंगणवाडीच्या नोकरीत मी बाळांच्या वजनाचे तक्ते कोळून प्यायले आहे, मॅडमच्या त्या प्रश्नात किती खरं होतं आणि किती नव्हतं हे सांगू शकते. पण गेलेल्या बाळाची आई समोर असेल तर आजही सांगणार नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात गाडी आली. कुठल्यातरी शहरातली चांगली माणसं होती, नवराबायको आणि त्यांचे दोन मित्र. टीव्हीवर बघून, विचारत विचारत पोशेऱ्यापर्यंत आले होते. त्यांनी तांदळाची पोती उतरवली, दुधाच्या भुकटीचे डबे उतरवले, जुने कपडे उतरवले. त्या बाईने आयचे दोन्ही हात धरले आणि ती रडायला लागली. आय तिला म्हणाली, "बस बाय. उन्हाची आलीस. जेवलीस का?"

आयने घोंगडी अंथरली. सकाळी केलेली उडदाची आमटी होती, तिने ताज्या भाकरी थापल्या, तवसं, म्हणजे मोठी काकडी, किसून नागलीच्या पिठात घातलं आणि पानांत घालून पानमोडी भाजली. चार ताटं वाढून त्यांच्यापुढे ठेवली. त्या चौघांनी एकमेकांकडे बघितलं. नवरा हात जोडून म्हणाला, "नको मावशी. तुमच्या तोंडचा घास आम्ही कसा खायचा? तुम्हालाच पुरणार नाही." आय म्हणाली, "पुरल. खा." ती बाई पुन्हा रडायला लागली आणि ताट हाताने हळूच पुढे सरकवलं, आयच्या दिशेने. "तुम्ही खा," ती म्हणाली, "आमच्यासमोर खा, आम्हाला बरं वाटेल."

आय बसली. आणि तिने खाल्लं. चार परकी माणसं बघत असताना, मान खाली घालून, एक एक घास. बा बाहेर निघून गेला. बुधी दारात उभी होती. ती खांब धरून खाली बसली. मी आयुष्यात पुष्कळ अपमान बघितले, माझे स्वतःचेही. त्यांपैकी बहुतेक आता आठवून हसू येतं. हा नाही. ती माणसं आशीर्वाद घेऊन गेली, वाकून पाया पडून गेली, त्यांना रागवायला आम्हाला जागाही ठेवली नाही.

पुढच्या फेरीसाठी बुधीला न्यायला गाडी जव्हारला आली, तेव्हा ती वसतिगृहाच्या मागच्या दाराने निघून गेली आणि गाडी परत जाईपर्यंत आली नाही. पण तेवढ्याने भागायचं नव्हतं. आय आता मधेच काम थांबवून विचार करत बसायला लागली. एकदा तांदूळ निवडताना म्हणाली, "मंगळे, त्या दिसांत मी लावणीवर होते ना?" हो, म्हटलं. "मग दुपारची पेज त्याला कोण द्यायचा?" कोण द्यायचं ते आम्हा तिघींना माहीत होतं. बुधी पुढच्या सुट्टीत आली तेव्हा आयने तिलाच विचारलं. रागाने नाही. जात्यात घास घालावा तसं सहज. "बुधे, तू त्याला दुपारी पेज द्यायचीस ना?"

"द्यायचे," बुधी म्हणाली.

"पोटभर?"

बुधी तशीच उठली, पिशवी घेतली आणि जव्हारच्या रस्त्याला लागली. त्यानंतर ती येत राहिली, सणाला, बा गेला तेव्हा, माझ्या लग्नाला, पण मुक्काम केला नाही. आणि प्रत्येक वेळी, कधी आल्या आल्या, कधी निघताना, आय तेच विचारायची. बुधी प्रत्येक वेळी म्हणायची, "दिली होती, आय," आणि तिचा आवाज दर वर्षी थोडा अधिक कोरडा व्हायचा. आयच्या मनात लेकीवर आळ घ्यायचा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. ती स्वतःवरचा आळ तपासत होती, आणि साक्षीला बुधीशिवाय कुणी नव्हतं. बुधीने लग्न केलं नाही. वसतिगृहातल्या मुलींना मात्र ती अशी जबरदस्तीने वाढायची की नव्या मुली घाबरायच्या.

आयच्या शेवटच्या वर्षात मी तिला माझ्याकडे जव्हारला आणलं होतं. बुधी दोन गल्ल्या पलीकडे राहायची, कामावरून सुटली की येऊन जायची. एका दुपारी आम्ही तिघी ओसरीवर बसलो होतो. आयने तोच प्रश्न विचारला. मी बुधीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला वाटलं, आता ही उठून जाणार. बुधी उठली नाही. केस पिकले होते तिचेही. ती आयच्या जवळ सरकली आणि म्हणाली, "ऐक. आदल्या दिसाला खाल्ला त्यानी. पेज वाटीभर, आणि तुझी ठेवलेली भाकर चुरून. मीठ मागला. मी दिला तर हात चाटला. शेवटच्या दिसाला नाय खाल्ला, आय. मी भरवला, त्यानी थुकला. परत भरवला, परत थुकला. तापानं त्याला गिळवत नव्हता. मी पाण्याचं बोट लावत राहिले त्याच्या ओठांना. तू शेतावरून येशील म्हणून दाराकडं बघत होता."

इतकं तिने कधीच सांगितलं नव्हतं. मलाही नाही. आय ऐकत होती. तिचे ओठ बुधीच्या शब्दांबरोबर हलत होते.

"म्हणजे घरात पेज होती," आय म्हणाली.

"होती."

"आणि तू भरवत होतीस."

"भरवत होते, आय."

आयने बुधीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. त्या हातावर भाजल्याचे जुने डाग होते, त्यांच्यावरून ती अंगठा फिरवत राहिली.

"परत सांग," ती म्हणाली.